टॉर्केलबाबाची काळी काच

कॉफीच्या सुट्टीला अख्खा कारखाना त्या एका टेबलाभोवती गोळा झाला होता. तीस माणसे, हातात कप, पायात घरी विणलेले लोकरी मोजे, आणि डोळे खोबणीतून बाहेर यायचे तेवढे बाकी. टेबलाच्या पोलादी पत्र्यावर अंगठ्याच्या नखाएवढी एक काच ठेवली होती. तिला वायर नाही, बॅटरी नाही, काही नाही. टॉर्केलने आपला पितळी लोलक अंगातल्या मेंढीच्या कातड्याच्या जाकिटावर चार-पाच वेळा घासला, याला तो ‘शुद्ध करणे’ म्हणत असे, आणि रेशमी दोऱ्याने धरून तो हळूच काचेच्या कडेला टेकवला.

काच काळी पडली. चार-पाच सेकंद तशीच राहिली, मग पुन्हा उजळली.

“अगं बाई!” जोडणी विभागातल्या उल्लाच्या हातातला दालचिनीचा पाव कॉफीत पडला, तरी तिला पत्ता नव्हता.

“जमीन बोलते, मंडळी,” टॉर्केल डोळे मिटून म्हणाला. “आपणच बहिरे. या इमारतीच्या पोटाखाली दोन भूकिरण एकमेकांना कापतात. माणसाला कळत नाही, काचेला कळतं. काच निरागस असते.”

काच निरागस असते! चाचणी विभाग सांभाळणारी मॅरित भिंतीला टेकून हे ऐकत होती. साठीला आलेल्या या बाईने मेलेल्या, म्हणजे बंद पडलेल्या, काचा तीस वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली उघडून पाहिल्या होत्या. त्यांतली एकही तिला निरागस वाटली नव्हती. दालार्ना प्रांतातल्या त्या लहानशा गावात हा एकच कारखाना, आणि त्यात एकच वस्तू बनते : वेल्डरच्या मुखवट्यातली झडप. झडप म्हणजे दोन काचा, आणि त्यांच्यामध्ये केसाहून पातळ फटीत भरलेला द्रवस्फटिक. त्याला वीज मिळाली की काच क्षणात काळी होते आणि वेल्डरचे डोळे वाचतात. म्हणजे काच काळी झाली, तर तिला वीज मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. ती कुठून मिळाली हे विचारायचे सोडून तीस माणसे जमिनीकडे कान लावून बसली होती.

“आता एकेकाने यावं,” टॉर्केलने फर्मावले. “आधी या पात्रात हात बुडवायचे, मग काचेला स्पर्श.”

पात्र म्हणजे टेबलालगतच्या दाराशी ठेवलेले तांब्याचे एक मोठे वाडगे. त्यात कुठल्याशा जंगलातल्या झऱ्याचे ‘जिवंत पाणी’, आणि वाडग्याला जोडलेला तांब्याचा पाइप दाराच्या चौकटीपासून भिंतीतल्या कपाटात गेलेला. एकेक जण आला, हात बुडवले, काचेला बोट लावले. काच ढिम्म. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्याचा आनंद.

इतक्यात हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून आउने आली. धुलाईच्या खोलीतून तयार काचांचे ट्रे चाचणीपर्यंत वाहून न्यायचे, हे तिचे काम. मूळची फिनलंडची, पंधरा वर्षे याच गावात राहिलेली, कमी बोलणारी. तिने ट्रे खाली ठेवला.

“तू ये,” टॉर्केल म्हणाला. “तू पाण्यात हात घालू नकोस. तुझं मला शुद्ध माप हवंय.”

आउनेने बोट पुढे केले. टच्‌ असा बारीक आवाज झाला. काच काळीकुट्ट झाली, उजळली आणि मग मेली. टॉर्केलने लोलक शुद्ध केला, टेकवला, पुन्हा टेकवला. काच हलली नाही.

उल्लाने आपली खुर्ची अर्धी वीत मागे सरकवली.

“मी नावं ठेवत नाही,” टॉर्केल खोल आवाजात म्हणाला. “काही माणसांत तो किरणांचा छेद उतरतो. त्यांचा दोष नसतो. पण त्यांना दूर ठेवावं लागतं.”

व्यवस्थापक स्टाफान पुढे झाला. हा विद्यापीठातून शिकून आलेला इंजिनिअर, भिंतीवर पदवी टांगलेला. “आउने,” तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला, “तू शुक्रवारपासून घरीच थांब. सध्या तरी. बघू पुढे.” मग टॉर्केलकडे वळून, “तुमचे फार आभार. तुम्ही उद्या येताय ना?”

तुमचे! ज्या देशात पंतप्रधानालाही तू म्हणतात, तिथे या गृहस्थाने एका लोलकवाल्याला अहो-जाहो चालवले होते. मॅरितने कप इतक्या जोरात ठेवला की कॉफी सांडली.

ही साथ सुरू झाली ती नोव्हेंबरात. कारखाना जुन्या दगडी इमारतीतून नव्या इमारतीत आला आणि काचा मरू लागल्या. शंभरातल्या दोन-तीन मरायच्या, त्या वीस-बावीस मरायला लागल्या. मॅरितने त्या उघडून पाहिल्या. आतल्या बाजूला विजेचा पारदर्शक लेप असतो आणि त्यावर संरक्षणाला एक विद्युतरोधक थर. त्या थराला सुईच्या टोकाएवढे भोक पडलेले असायचे, कडा करपलेल्या, आणि दर वेळी त्याच कोपऱ्यात, जिथे बोटाने काच उचलतात. थर कुठल्यातरी ठिणगीने फुटत होता. तिने तसा अहवाल लिहिला. स्टाफानने तो वाचला की नाही देव जाणे, पण जानेवारीत, बाहेर उणे चोवीस असताना, तो टॉर्केलला घेऊन आला. का? तर टॉर्केलने हातात बेचक्याची काठी धरून त्याच्या सासऱ्याच्या शेतात विहिरीची जागा दाखवली होती आणि तिथे पाणी लागले होते. दालार्नात जमीन कुठेही खणा, पाणी लागते. न लागणारी जागा दाखवली असती तर मॅरितने त्याला नमस्कार केला असता.

पण दाराशी वाडगे आणि पाइप बसवले, आत येताना सगळे त्यात हात बुडवू लागले, आणि काचा मरणे खरेच निम्म्यावर आले. तिथेच सगळे गाडे अडले होते. आकडा खोटा नव्हता, तो मॅरितच्याच वहीत होता. मग उरलेल्या निम्म्या कुणामुळे मरतात? तर आउनेच्या हातच्या ट्रेमधल्या. दोन आठवडे कुजबुज चालली होती. फिनलंडच्या बायकांना जुन्या काळी लोक चेटकिणी म्हणत, तेही कुणीतरी हसतहसत उकरून काढले होते. आज त्याला पुरावा मिळाला.

संध्याकाळी मॅरित बाहेर पडायला निघाली, तर दाराजवळ जोड्यांच्या मांडणीपाशी आउने बाकावर बसलेली. एक बूट घातलेला, दुसरा हातात.

“रडतेयस का?”

“नाही.” आउनेने नाक पुसले. “मॅरित, खरं सांगू? कदाचित असेलही माझ्यात काहीतरी.”

“काय असेल? डोकं? ते इथे फार थोड्यांकडे आहे, म्हणून उठून दिसतं.”

“चेष्टा नको करूस. धुलाईच्या खोलीच्या दाराची मूठ मला चावते. रोज. बोट लावलं की चटका. बाकी कुणाला नाही चावत. रविवारी बहिणीकडे गेले होते, तिचं बाळ तीन महिन्यांचं आहे. मी घेतलंच नाही त्याला. म्हटलं, मला सर्दी झालीय.”

मॅरितला संताप आला. काचा गेल्या तर नव्या करता येतात. एका शहाण्यासुरत्या बाईला त्या माणसाने तिच्याच हातांची भीती घातली होती.

“घरी चावते मूठ?”

“घरी? नाही.”

“बसमध्ये? दुकानात?”

“नाही. इथेच. आणि इथेही आत असतानाच.”

आउने दुसरा बूट चढवत होती. तिच्यामागे मांडणीवर नव्या इमारतीत येताना कारखान्याने दिलेले नवे करडे बूट ओळीने लावलेले होते, प्रत्येकाच्या टाचेवर पिवळा त्रिकोण. तीस जोड. मॅरितने एक उचलून उलटा केला. तळवा पेटीतून काढल्यासारखा कोरा. दुसरा पाहिला, तोही कोरा. मग तिने स्वतःचा जोड पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

“काय झालं?” आउने दचकली.

“मी तीस वर्षं फुकट पगार खाल्ला, ते झालं. हे बूट कशासाठी देतात माहितेय? यांचे तळवे वीज वाहून नेतात. अंगात साठलेली वीज पायातून जमिनीत जावी म्हणून हे हॉलमध्ये घालायचे असतात. आणि आपण काय करतो?”

“काढून ठेवतो,” आउने म्हणाली. “आत जाताना बूट काढायचे नाहीत तर काय?”

तेच तर. जुन्या इमारतीत फरशी दगडी आणि गारठलेली, तिथे बूट काढायची कुणाची छाती नव्हती. नव्या इमारतीत खालून गरम होणारी, आरशासारखी चकचकीत प्लास्टिकची फरशी, आणि दाराशी सुबक लाकडी मांडणी. आईच्या पोटातून बाहेर आल्यापासून दारात बूट काढायची सवय असलेल्या तीस माणसांनी पहिल्याच दिवशी, एकमेकांना न विचारता, ते खास बूटही काढले आणि मोज्यांवर आत गेली. हेच बूट घालून आत जा, असा सूचनेचा कागद भिंतीवर होता. तो वाचूनही काढले, कारण घाणेरडे पाय घेऊन एवढ्या सुंदर फरशीवर कोण जाणार? मॅरितही गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटपाळी सुरू होण्याआधी मॅरितने कपाटातून अंगावरची वीज मोजायचे यंत्र काढले आणि आउनेला हॉलमध्ये चालवले. मोज्यांवर, धुलाईपासून चाचणीपर्यंत, चाळीस पावले : सात हजार व्होल्ट. बूट घालून तीच चाळीस पावले : पन्नाससुद्धा नाहीत.

“आता स्टाफानला सांगूया,” आउने म्हणाली.

“त्याच्या खोलीत? तो मान डोलावेल, गुपचूप नवी सूचना लावेल, आणि तू जन्मभर छेद उतरलेली बाई राहशील. नाही. जिथे तुला बोलले, तिथेच.”

टॉर्केल दहाच्या कॉफीला आला. आज ‘दुसरा टप्पा’ होता, हॉलच्या चारही कोपऱ्यांत तांब्याची वेटोळी बसणार होती. गर्दी जमली. स्टाफानने त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

“आधी मला एक प्रयोग करू दे,” मॅरित म्हणाली आणि पत्र्यावर नवी काच ठेवली.

“श्रद्धेशिवाय केलेले प्रयोग फसतात, मॅडम,” टॉर्केल हसला.

“तुझे फसत नाहीत ना? मग बस. आउने, ये.”

आउने हॉलच्या टोकाकडून ट्रे घेऊन आली. पायात करडे बूट. ते पाहून दोघा-तिघांनी नापसंतीने भुवया उंचावल्या. तिने पाण्यात हात न घालता काचेला बोट लावले. काही नाही. पुन्हा लावले. काही नाही.

“छेद रात्रीत उतरला वाटतं,” मॅरित म्हणाली. “आता स्टाफान, तू. ट्रे घे, धुलाईपर्यंत जा, परत ये.”

“मी कशाला?”

“व्यवस्थापक आहेस म्हणून. जमीन तुझा मान ठेवेल.”

कुणीतरी फिस्सकन हसले. स्टाफान हातात ट्रे घेऊन, निळ्या नक्षीच्या मोज्यांवर घसरत गेला आणि आला. वाटेत त्याचा हात पाण्याच्या वाडग्याकडे वळला, तो मॅरितने धरला नाही, नुसते “अंहं” म्हटले. त्याने बोट टेकवले.

टच्‌! काच काळी झाली. उजळली. मेली.

“अरे देवा,” उल्ला ओरडली, “स्टाफानमध्ये उतरलाय!”

हॉल खदखदून हसला. स्टाफान आपल्या बोटाकडे बघत राहिला, आणि पदवीचा इंजिनिअर असल्याचे त्याला हळूहळू आठवू लागले. “स्थिर वीज,” तो पुटपुटला. “फरशीमुळे...”

“फरशी, लोकरीचे मोजे आणि थंडीतली कोरडी हवा. प्रत्येक पावलाला वीज साठते. बोट काचेला लागलं की ती एका ठिणगीत बाहेर पडते. काचभर पसरायच्या आधीच त्या कोपऱ्यातला थर फोडून जाते. म्हणून सगळी भोकं एकाच कोपऱ्यात. तुम्ही दिवसभर बसून काम करता, दाराशी पाण्यात हात घालता, तेवढ्यात अंगातली वीज निघून जाते. ही एकटी दिवसभर चालते. चाळीस पावलं जाणं, चाळीस येणं. म्हणून तिच्या हातून काचा मरतात. तिच्या जागी बिशपला ट्रे वाहायला लावला असता तरी मेल्याच असत्या.”

“पण पाण्याने फायदा झाला, हे तर खरं?” स्टाफानने शेवटचा आधार शोधला. “हे तांबं, हे जिवंत पाणी...”

मॅरित चालत गेली आणि भिंतीतले कपाट उघडले. तांब्याचा पाइप आत जिथे संपत होता तिथून एक हिरवी-पिवळी वायर निघाली होती, आणि इमारतीच्या नेहमीच्या अर्थिंगच्या पट्टीला स्क्रूने पक्की केलेली होती.

“हे भूकिरण! कुठलाही वायरमन अर्ध्या तासात बसवून देतो. ओला हात, तांबं, आणि अर्थिंग. टॉर्केल, किरणं शोषायला तुला विजेच्या खात्याची वायर कशाला लागली रे?”

“तांबं पृथ्वीशी जोडावंच लागतं,” टॉर्केल म्हणाला. आवाजातली खोली बरीच कमी झाली होती. “तुम्ही तिला अर्थिंग म्हणा, मी माता म्हणतो. आणि लोलकाचं काय? तो तर मी धरतो, मी कुठे चालत आलोय?”

“लोलक तू केसाळ कातड्यावर घासतोस. पितळात वीज भरते, रेशमी दोरा ती तुझ्या हातात उतरू देत नाही, आणि एवढ्याशा काचेला ती पुरते. शाळेत कंगव्याने कागदाचे कपटे उचलायचो, त्यातलाच प्रकार. पटत नसेल तर आज न घासता टेकव.”

टॉर्केलने लोलक खिशात घातला. “मी अशा वातावरणात काम करत नाही.”

“मग एवढंच कर,” मॅरित म्हणाली. “बूट काढ.”

“काय?”

“बूट. तू घरात आलायस. सगळ्यांनी काढलेत.”

तीस जणांच्या नजरा एकदम खाली गेल्या. टॉर्केलच्या पायात जाड चामडी तळव्यांचे उंच बूट होते. तीन आठवडे तो ते घालून त्या फरशीवर हिंडत होता. दुसऱ्या कुणी तसे केले असते तर त्याला दारातून परत पाठवले असते. टॉर्केलचे मात्र सगळ्यांनी पोटात घातले होते. जमिनीशी थेट नाते असलेला माणूस, त्याचे नियम वेगळे.

“माझे पाय गारठतात,” तो म्हणाला.

“फरशी गरम आहे,” उल्ला म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात धार होती. “काढ ना.”

“मला हा अपमान...”

“काढणार नाही तो,” मॅरित म्हणाली. “मोज्यांवर चालला तर त्याच्याही बोटाने काच काळी होईल, आणि मग आउनेचा छेद त्याच्यातही उतरला असं म्हणावं लागेल. आपल्या सगळ्यांत हा एकटाच बूट घालून होता, कारण बूट कशाला घालायचे हे एकट्या यालाच माहीत होतं. काल सगळ्यांना पाणी दिलं, हिला दिलं नाही. का रे? चमत्काराला एक माणूस बळी लागतो म्हणून?”

टॉर्केलने वेटोळी पिशवीत भरली आणि जितक्या धीरगंभीरपणे जाता येईल तितका गेला. जाताना जिवंत पाण्याला त्याचा धक्का लागला आणि ते फरशीवर सांडले. उल्लाने नेहमीचे फडके आणून ते पुसले.

सगळे एकमेकांचे मोजे बघू लागले. मग स्टाफानने घसा साफ केला. “बरं झालं. उद्यापासून सगळ्यांनी बूट घालायचे. काचांचा प्रश्न सुटला. चला, कामाला लागूया.”

“सुटला?” मॅरित म्हणाली.

“म्हणजे... आउने, तू अर्थातच शुक्रवारी ये. त्यात काय.”

त्यात काय! मॅरितने तोंड उघडले, पण आउने आधीच पुढे झाली होती. बूट वाजवत ती सरळ उल्लासमोर गेली आणि तिने उजवा हात पुढे केला. उल्लाने क्षणभर हाताकडे पाहिले, मग तो हातात घेतला आणि लालबुंद झाली. आउने पुढच्या माणसाकडे गेली. मग त्याच्या पुढच्या. एकही शब्द न बोलता तिने एकेकासमोर हात धरला आणि प्रत्येकाला तो हातात घ्यावा लागला. सगळ्यांत शेवटी स्टाफान.

“चटका बसला?” तिने विचारले.

“नाही.”

“मोठ्याने सांग.”

“नाही बसला,” स्टाफान मोठ्याने म्हणाला. “आउने, मला माफ कर. तू कुणालाही काही करत नाहीस. मी काल विचारायला हवं होतं.”

“काय विचारायला हवं होतं?”

तो टेबलावरच्या मेलेल्या काचेकडे पाहू लागला.

“काच का मरते, एवढंच,” आउने म्हणाली. “तुम्ही सगळे ते विचारत होतात. तो आला आणि तुम्ही ते विचारायचं सोडून, कुणामुळे मरते, हे विचारायला लागलात. पुढच्या वेळी कुणी असा आला ना, तर त्याला आधी वस्तूकडे बोट दाखवायला सांगा. माणसाकडे दाखवलं, तर हाकलून द्या. आणि मॅरित, मला आत्ता अर्ध्या दिवसाची सुट्टी हवीय.”

“कशाला?” स्टाफानने सवयीने विचारले.

“बहिणीकडे जायचंय,” आउने म्हणाली. “बाळाला घ्यायचंय.”